कोंबड्या का लंगडल्या? : बोटांच्या बधिरतेचा एक शोध

मांडी घालून बराच वेळ बसले की पायाला मुंग्या येतात. उठून चार पावले टाकली की त्या जातात. मज्जातंतूवर पडलेला दाब दूर झाला, एवढाच त्याचा अर्थ. परंतु काही जणांच्या पायांच्या बोटांतील बधिरता जात नाही. चप्पल पायातून निसटली तरी त्यांना कळत नाही. पुढे हाताच्या बोटांनाही तसेच होते आणि सदऱ्याचे बटण लावणे अवघड जाते. मधुमेह, कुष्ठरोग, ब-१२ जीवनसत्त्वाचा अभाव, मद्यपान, काही औषधे अशी याची अनेक कारणे आज आपल्याला माहीत आहेत. त्यांतील एका कारणाचा शोध लावताना शास्त्रज्ञांना आपली विचार करण्याची रीतच बदलावी लागली. ते कारण म्हणजे बेरीबेरी.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात भात हेच मुख्य अन्न असलेल्या पूर्व आशियात या रोगाने थैमान घातले होते. पाय बधिर होत, चालणे अडखळे, अंगावर सूज येई आणि अनेकदा हृदय बंद पडून मृत्यू येई. १८८२-८३ मध्ये जपानी आरमाराचे 'र्‍युजो' हे जहाज लांबच्या सफरीवर गेले. त्यावरील ३७६ जणांपैकी १६९ जणांना बेरीबेरी झाला आणि २५ जण दगावले. आरमाराचे डॉक्टर ताकाकी कानेहिरो यांना आहाराचा संशय होता. १८८४ मध्ये 'त्सुकुबा' हे जहाज त्यांनी त्याच मार्गाने पाठवले, पण खलाशांचा भात कमी करून मांस, दूध आणि पाव वाढवले. या वेळी फक्त १४ जण आजारी पडले. मृत्यू एकही झाला नाही.

मग प्रश्न सुटला का? नाही. तो काळ पाश्चर आणि कॉख यांचा होता. एकामागून एक रोगजंतू सापडत होते आणि रोग म्हटला की जंतू असणारच, असे मानले जाऊ लागले होते. त्यातच आहारात प्रथिने कमी पडतात हे ताकाकींचे स्पष्टीकरण चुकीचे होते. जपानच्या भूदलाने त्यांचे म्हणणे मान्य केले नाही. १९०४-०५ च्या रशियाविरुद्धच्या युद्धात या भूदलाचे दोन लाखांहून अधिक सैनिक बेरीबेरीने आजारी पडले व सुमारे २७ हजार मरण पावले.

दरम्यान जावा बेटावरही हाच शोध चालू होता. डच सरकारने १८८६ मध्ये तेथे एक पथक पाठवले. त्यात कॉख यांच्या हाताखाली शिकलेले ख्रिस्तियान आइकमन होते. काम अर्थातच जंतू शोधण्याचे! त्यांनी काही कोंबड्यांना संशयित जंतू टोचले आणि तुलनेसाठी काही तशाच ठेवल्या. थोड्याच दिवसांत कोंबड्या लंगडू लागल्या, पण टोचलेल्या आणि न टोचलेल्या, दोन्ही! पुढे नोव्हेंबरच्या अखेरीस सगळ्या आपोआप बऱ्या झाल्या. चौकशी केल्यावर उलगडा झाला. मधल्या काळात कोंबड्यांना लष्करी रुग्णालयाच्या स्वयंपाकघरातला उरलेला पांढरा भात घालत असत. नवा स्वयंपाकी आला. लष्कराचा भात बिनलष्करी कोंबड्यांना कशाला, म्हणून त्याने तो बंद केला.

आइकमन यांनी पॉलिश केलेला व साध्या सडीचा, असे दोन्ही तांदूळ कोंबड्यांना देऊन पाहिले. पॉलिशच्या तांदळाने कोंबड्या लंगडत. त्यात कोंडा मिसळला की सुधारत. पण माणसांचे काय? तुरुंगांवर देखरेख करणारे वैद्यकीय अधिकारी आडोल्फ फोर्डरमन यांनी १०१ तुरुंगांची पाहणी केली. बहुतांशी पॉलिश न केलेला तांदूळ देणाऱ्या ३७ तुरुंगांपैकी एकातच बेरीबेरी आढळला. पॉलिशचा तांदूळ देणाऱ्या ५१ पैकी ३६ तुरुंगांत. इमारतीचे वय, हवेशीरपणा, गर्दी यांच्याशी रोगाचा संबंध दिसला नाही.

एवढे होऊनही आइकमन यांचे अनुमान काय होते? पांढऱ्या भातातील पिष्टापासून विष तयार होते आणि कोंडा हा त्यावरचा उतारा आहे! काहीतरी शरीरात शिरल्याशिवाय रोग होत नाही, ही कल्पना त्यांच्याही मनातून गेली नव्हती. त्यांचे उत्तराधिकारी खेरिट ग्रेन्स यांनी कोंबड्यांना खूप तापवलेले मांस दिले. त्यात पिष्ट नव्हते, तरी कोंबड्या आजारी पडल्या. उलट मुगामुळे त्यांचे रक्षण झाले. १९०१ मध्ये ग्रेन्स यांनी निष्कर्ष काढला: अन्नात मज्जातंतूंना आवश्यक असा काही घटक असतो आणि तो नसणे हेच रोगाचे कारण आहे. १९१२ मध्ये कासिमिर फुंक यांनी अशा घटकांना 'व्हिटामाइन' हे नाव दिले. यान्सेन आणि डोनाथ यांनी १९२६ मध्ये, जावातच, कोंड्यातून त्याचे स्फटिक वेगळे केले. १९३६ मध्ये रॉबर्ट विल्यम्स यांनी तो प्रयोगशाळेत बनवला. हे विल्यम्स जन्मले होते आपल्याकडच्या नेल्लोरला. हा घटक म्हणजे थायमिन, अर्थात ब-१ जीवनसत्त्व.

पण बधिरता पायांच्या बोटांपासूनच का सुरू होते? तेथील संवेदना वाहून नेणारा तंतू कण्याजवळच्या एका पेशीपासून निघून बोटांपर्यंत जातो. त्याची लांबी सुमारे एक मीटर. ग्लुकोजपासून ऊर्जा मिळवायला थायमिन लागते. ते नसले की एवढ्या लांब तंतूच्या टोकाची आबाळ सर्वांत आधी होते. हाताचे तंतू आखूड असल्याने त्यांची पाळी नंतर येते.

कोकणात आणि गोव्यात खाल्ला जाणारा उकडा तांदूळ आपल्या परिचयाचा आहे. भात सालीसकट उकडताना थायमिन दाण्याच्या आत झिरपते आणि नंतर सडले तरी बरेचसे टिकून राहते. मलायात उकडा तांदूळ खाणाऱ्या तमिळ मजुरांमध्ये बेरीबेरी क्वचितच आढळे, ते यामुळेच.

वर्गात ही कथा सांगताना विद्यार्थ्यांना एक प्रश्न जरूर विचारावा: न टोचलेल्या कोंबड्या आइकमन यांनी ठेवल्याच नसत्या तर काय झाले असते? आणि एक सावधगिरीही सांगावी. बोटांची बधिरता टिकून राहिली तर जीवनसत्त्वाच्या गोळ्या आपल्या मनाने घेत बसू नये. कारण एखाद्या घटकाचे नसणे असेल, तसेच कुष्ठरोगाच्या जंतूचे किंवा रक्तातील जादा साखरेचे असणेही असेल. ते तपासणीनेच कळते. 'काय शिरले?' आणि 'काय कमी पडले?' हे दोन्ही प्रश्न विचारायचे असतात. दुसरा प्रश्न विचारायला उशीर झाला, त्याची किंमत हजारो सैनिकांनी मोजली.