कापूस, कर्ज आणि प्रेमचंद रायचंद

प्रेमचंद रायचंद यांचा जन्म १८३१ साली सुरतेच्या एका जैन व्यापारी घरात झाला. वडील रायचंद दीपचंद व्यापारासाठी मुंबईत आले आणि मुलाला त्यांनी एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये घातले. इंग्रजी लिहिता, वाचता आणि बोलता येणारा पहिला देशी दलाल अशी प्रेमचंदांची ख्याती सांगितली जाते. त्या काळच्या मुंबईत या विद्येचे मोल मोठे होते. विलायती पेढीचा साहेब आणि बाजारातला व्यापारी या दोघांचेही बोलणे त्यांना थेट कळे, आणि दलालीच्या धंद्यात आधी कळणे हेच खरे भांडवल असते. विलायतेहून येणारी जहाजे बंदराला लागण्याआधीच ते छोट्या होड्या पाठवून लिव्हरपूलचे भाव काढून आणत, अशी हकीकत त्यांच्याविषयी सांगतात. तिशीच्या आतच ते मुंबईच्या बाजारातले वजनदार नाव झाले.

त्यांना कळसाला नेले ते अमेरिकेतल्या युद्धाने. एप्रिल १८६१ मध्ये तिथे उत्तरेकडची आणि दक्षिणेकडची राज्ये एकमेकांवर तुटून पडली. उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेची बंदरे रोखून धरली आणि लँकेशायरच्या गिरण्यांचा कापूस आटला. या गिरण्यांचा तीन-चतुर्थांशाहून अधिक कापूस अमेरिकेच्या दक्षिणेतूनच येत असे. ही तूट भरून काढण्याइतका कापूस असलेला मुलूख हिंदुस्थान होता आणि त्याचे बंदर मुंबई. युद्धापूर्वी पौंडाला चार-पाच पेन्सने विकली जाणारी ‘सुरती’ रुई ऐन तेजीत वीस पेन्सच्या पुढे गेली. गाद्या-उशा उसवून त्यातला कापूसही लोकांनी बाजारात आणला, असे म्हणतात. नेहमीच्या भावाने जे मिळाले असते त्याहून सात-आठ कोटी पौंड जास्त या चार-पाच वर्षांत मुंबईकडे आले, असा अंदाज नंतर मांडला गेला.

हा कापूस पिकत होता तो गुजरात, वऱ्हाड, कर्नाटक आणि खानदेशच्या काळ्या जमिनीत. खानदेशचा माल पूर्वी बैलगाड्यांनी कुंडाईबारीचा घाट उतरून नवापूरच्या वाटेने सुरतेला जाई. नवापूरचा हा भाग डोंगर-जंगलाचा, आदिवासी वस्तीचा. कापसाची खरी भरघोस शेती तापीकाठच्या सपाटीवर होती. तेजीच्या त्याच वर्षांत ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे जळगाव-भुसावळकडे पोहोचली. खानदेशची रुई थेट मुंबईकडे वळली आणि सुरतेची जुनी वाट मागे पडली. सुरत आणि खानदेश पुन्हा सरळ जोडले गेले ते १९०० साली, किलिक निक्सन कंपनीच्या ताप्ती व्हॅली रेल्वेने.

भाव चढले तशी लबाडीही चढली. रुईचे वजन वाढवण्यासाठी तिच्यात सरकी, माती, पाणी घालण्याचे प्रकार इतके बोकाळले की मुंबई सरकारला १८६३ मध्ये कापसातली भेसळ रोखण्यासाठी खास कायदा करावा लागला.

पैसा आला, पण तो गुंतवायला जागा नव्हती. कापडगिरण्यांचा धंदा नुकता कुठे रांगू लागला होता. म्हणून हा पैसा नव्या कंपन्यांच्या भागांकडे वळला. जानेवारी १८६५ मध्ये मुंबईत ३१ बँका, १६ वित्तसंस्था, ८ जमीन कंपन्या आणि २० विमा कंपन्या होत्या. समुद्रात भराव घालून जमीन काढण्यासाठी निघालेली बॅक बे कंपनी ही या साऱ्यांची राणी. तिचा ५,००० रुपये भरलेला भाग ५०,००० च्या वर विकला गेला. भराव पुरा होण्याची कोणी वाटच पाहत नव्हते. लोक भाव विकत घेत होते.

प्रेमचंद या खेळाचे सूत्रधार होते. नवी कंपनी निघाली की तिचे भाग दर्शनी किमतीला कोणाला द्यायचे हे बऱ्याचदा त्यांच्या शब्दावर ठरे. भाग हातात पडताच बाजारात त्याला चढा भाव मिळे, म्हणजे त्यांची चिठ्ठी हीच रोख रक्कम होती. एशियाटिक बँकिंग कॉर्पोरेशन तर त्यांच्याच कह्यात होती. त्यांच्या भायखळ्याच्या ‘प्रेमोद्यान’ बंगल्याच्या दारात आर्जवे करणाऱ्यांची रीघ लागे, आणि त्यात गोरे अधिकारीही असत.

पण त्यांच्या कारकिर्दीवरचा सगळ्यात गडद डाग आहे तो बँक ऑफ बॉम्बेचा. १८४० साली सनद मिळालेली ही बँक निमसरकारी होती. सरकार तिचे भागधारक होते आणि तिच्या संचालक मंडळावर सरकारने नेमलेले सदस्य बसत. जुन्या सनदेत कर्जावर कडक बंधने होती. १८६३ च्या नव्या कायद्याने ती सैल केली आणि कंपन्यांचे भाग तारण ठेवून कर्ज देण्याची वाट मोकळी झाली. त्यानंतर जे घडले ते साधे होते. एखाद्याने नव्या कंपनीचे भाग घ्यायचे, ते बँकेत तारण ठेवायचे, मिळालेल्या कर्जातून आणखी भाग घ्यायचे. खरेदी वाढली की भाव चढे, भाव चढला की तारणाची किंमत वाढे, आणि त्याच तारणावर आणखी कर्ज मिळे. बँकेचे सेक्रेटरी जेम्स ब्लेअर प्रेमचंदांच्या प्रभावाखाली होते. प्रेमचंदांनी नाव सुचवावे आणि कर्ज सुटावे, पुढे पुढे तर पुरेशा तारणाशिवायही, असा शिरस्ता पडला.

९ एप्रिल १८६५ रोजी अमेरिकेत दक्षिणेचे सेनापती जनरल ली यांनी शरणागती पत्करली. शांततेच्या वावड्यांनी कापूस आधीच डळमळला होता. आता तो कोसळला. वायद्याच्या सौद्यांचा निकाल १ जुलै १८६५ रोजी लागायचा होता. त्या दिवशी देणे भागवू शकतील असे फार थोडे उरले. बॅक बेचा भाग दोन हजारांच्या खाली आला. बँक ऑफ बॉम्बेचा २,८५० पर्यंत चढलेला भाग ८७ वर उतरला. १८६६ मध्ये खुद्द प्रेमचंदांनी हात वर केले. बँक १८६८ च्या सुरुवातीला मोडीत निघाली आणि तिच्या दोन कोटींहून जास्त भांडवलापैकी बहुतेक सारे बुडाले.

सर चार्ल्स जॅक्सन यांच्या अध्यक्षतेखालील चौकशी आयोगाने दोष अनेकांवर ठेवला: बंधने सैल करणारा कायदा, दुबळे आणि बेफिकीर सेक्रेटरी, झोपलेले संचालक, आणि प्रेमचंदांचा बँकेवरचा पगडा. ही वाटणी न्याय्य आहे. सगळे खापर एका देशी दलालावर फोडणे त्या वेळच्या सरकारी मंडळींना सोयीचे झाले असते, पण सरकारने नेमलेली माणसे त्याच मंडळावर बसली होती. तरीही प्रेमचंदांची जबाबदारी त्याने हलकी होत नाही. स्वतःचा पैसा डावावर लावणे हा सट्टा. लोकविश्वासावर चालणाऱ्या बँकेचा पैसा लावणे हा विश्वासघात. पुढे १८६९ मध्ये न्यूयॉर्कच्या जे गूल्ड यांनी सोन्याचा सारा साठा कोंडून भाव चढवण्याचा डाव टाकला आणि २४ सप्टेंबरच्या पडझडीत असंख्य लोक बुडाले. गूल्ड स्वतः मात्र सहीसलामत सुटले. प्रेमचंद आपल्याच तेजीखाली गाडले गेले, हा दोघांमधला फरक लक्षात घ्यायला हवा.

शेतकऱ्याच्या वाट्याला काय आले, याचा हिशेब मुंबईच्या इतिहासात फारसा मांडला जात नाही. तेजीत सावकार मागेल तितके कर्ज देत होता. भाव पडताच त्याने हात आखडला, आणि शेतसारा मात्र कमी झाला नाही. मे १८७५ मध्ये सुप्यापासून पुणे-नगर भागात शेतकऱ्यांनी सावकारांचे कर्जरोखे जाळले. त्या दंग्यांची चौकशी करणाऱ्या आयोगानेही कापसाच्या तेजीनंतरच्या या कर्जफासाकडे बोट दाखवले.

तेजीच्या भरात, १८६४ मध्ये, प्रेमचंदांनी मुंबई विद्यापीठाला ग्रंथालयासाठी दोन लाख आणि मनोऱ्यासाठी दोन लाख रुपये दिले. सर जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट यांनी आराखडा केलेला सुमारे २८० फुटांचा मनोरा १८७८ मध्ये पुरा झाला. त्याला प्रेमचंदांच्या आईचे, राजाबाईंचे, नाव आहे. कलकत्ता विद्यापीठातली प्रेमचंद रायचंद शिष्यवृत्तीही त्यांच्याच देणगीतली. ही दाने खरी होती आणि त्यांचा उपयोग पिढ्यान्‌पिढ्या झाला.

दिवाळ्यानंतर ते परागंदा झाले नाहीत. पुन्हा दलालीला बसले आणि १८७५ मध्ये देशी दलालांची जी संघटना उभी राहिली, जिचे पुढे मुंबई शेअर बाजारात रूपांतर झाले, तिच्या संस्थापकांत त्यांचे नाव आहे. ३१ ऑगस्ट १९०६ रोजी त्यांचे निधन झाले. बुडालेल्या बँकेच्या जागी १८६८ मध्येच त्याच नावाची नवी बँक निघाली होती. ती १९२१ मध्ये इंपीरियल बँकेत आणि १९५५ मध्ये त्या बँकेबरोबर स्टेट बँकेत आली.