कावेरीचा आलेख

पावसाळा सुरू झाला की म्हैसूरच्या वृत्तपत्रांत एक आकडा वाचक प्रथम शोधतात. शहरापासून जवळच असलेल्या कन्नंबाडीच्या कृष्णराजसागर जलाशयातील पाण्याच्या पातळीचा तो आकडा असतो. १२४.८० फूट ही तेथील पूर्ण पातळी. मंड्याच्या ऊस आणि भातशेतीचे, म्हैसूर व बंगळूरच्या पिण्याच्या पाण्याचे भवितव्य त्या आकड्याशी बांधलेले असते. परंतु श्रोतेहो, एका दिवसाचा आकडा ही केवळ बातमी होय. शेकडो दिवसांचे आकडे एकापुढे एक मांडले म्हणजे त्यांतून नदीचा स्वभाव कळू लागतो, आणि तो कळण्यासाठी आकड्यांची रेषा व्हावी लागते. ही रेषा कोणी व कशी काढावयास आरंभ केला आणि तिच्यावर विश्वास केव्हा ठेवावा, याचा आज थोडा विचार करू.

काळानुसार बदलणाऱ्या आर्थिक आकड्यांच्या रेषा काढून त्यांचा ग्रंथ करण्याचा मान विल्यम प्लेफेअर या स्कॉटिश गृहस्थाकडे जातो. १७८६ साली त्याने इंग्लंडच्या आयात-निर्यातीचे आलेख प्रसिद्ध केले. १८०१ मधील आपल्या दुसऱ्या ग्रंथात त्याने वर्तुळाचे भाग पाडून देशांच्या विस्ताराची तुलना केली, आणि युरोपातील राष्ट्रांबरोबर हिंदुस्थानातील सत्तांचेही चित्रण त्याला जोडले. श्रीरंगपट्टण पडून तेव्हा दोनच वर्षे झाली होती. आपल्याकडील राज्यांचा निकाल रणांगणावर लागत असताना त्यांचे विस्तार लंडनमध्ये वर्तुळांत बसविले जात होते. हिंदुस्थानची पहिली शिरगणती १८७२ च्या सुमाराची. तेव्हा १८०१ साली येथील लोकसंख्येचे जे आकडे मिळत, ते अदमासाचेच असणार. पण अदमास चित्रात बसला की तो मोजमापासारखा दिसू लागतो. आलेखाचे सामर्थ्य आणि त्याचा धोका ही दोन्ही अशी जन्मापासूनच त्याच्याबरोबर आहेत.

म्हैसूरच्या बाबतीत आकड्यांना कृतीचे रूप देणारे पुरुष म्हणजे सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या. त्यांचे अभियांत्रिकीचे शिक्षण पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयात झाले आणि १८८४ पासून त्यांनी मुंबई इलाख्याच्या सार्वजनिक बांधकाम खात्यात नोकरी केली. नाशिक, खानदेश, पुणे ही त्यांची कर्मभूमी. खडकवासल्याच्या तलावावर त्यांनी योजलेली स्वयंचलित दारे १९०३ साली बसविण्यात आली. धरणाची भिंत न वाढविता अधिक पाणी साठविणे आणि पूर येताच ते आपोआप सोडून देणे, हे त्या दारांचे काम. १९०९ मध्ये ते म्हैसूर संस्थानचे मुख्य अभियंता झाले आणि १९१२ पासून १९१८ पर्यंत दिवाण.

कावेरीवर शिवनसमुद्र येथे १९०२ पासून वीज निर्माण होत होती, आणि ती सुमारे ९२ मैलांवरील कोलारच्या सोन्याच्या खाणींना पुरविली जात होती. अडचण एवढीच की खाणींना वीज बाराही महिने हवी आणि नदी मात्र उन्हाळ्यात क्षीण होते. आडव्या अक्षावर महिने आणि उभ्या अक्षावर प्रवाह घेतला, तर कावेरीची रेषा आषाढ-श्रावणात उंच चढते आणि चैत्र-वैशाखात जवळजवळ जमिनीला टेकते. खाणींच्या मागणीची रेषा मात्र सपाट जाते. या दोन रेषांमधील अंतर भरून काढणे म्हणजेच धरण बांधणे. कृष्णराजसागराचे काम १९११ मध्ये सुरू झाले आणि दोन दशके चालले. मद्रास सरकारशी पाण्यावरून वाद झाला, लवाद नेमला गेला, आणि अखेर १९२४ साली करार झाला.

त्या काळी आलेख काढावयाचा तो हातानेच: चौकटींचा कागद, शाईची लेखणी आणि कसबी आरेखक. अशा आलेखात सौंदर्य पुष्कळ असे. पण तो काढताना घेतलेले निर्णय कागदावर उमटत नसत. अक्ष कोठून सुरू केला, नोंद नसलेल्या दिवसांचे काय केले, कोणते आकडे गाळले, हे आरेखकालाच ठाऊक असे.

संगणकाच्या युगात यावर एक साधा उपाय सापडला. १९८६ मध्ये अमेरिकेत थॉमस विल्यम्स आणि कॉलिन केली या दोघांनी ‘नूप्लॉट’ नावाची आज्ञावली लिहिली. एक जण कलनातील समीकरणे शिकत होता, दुसरा विद्युत्चुंबकत्व. आणि दोघांनाही ते गणित डोळ्यांनी पाहावयाचे होते. या आज्ञावलीत चित्र हाताने काढावयाचे नसते, ते शब्दांनी मागावयाचे असते. आकड्यांची फाइल घ्यावी. तिच्या पहिल्या रकान्यात दिवस, दुसऱ्यात पाण्याची पातळी. मग ‘प्लॉट’ या आज्ञेपुढे फाइलीचे नाव, ‘यूझिंग १:२’ म्हणजे पहिला रकाना आडवा व दुसरा उभा, आणि ‘विथ लाइन्स’ म्हणजे बिंदू रेषेने जोडावेत, एवढे लिहिले की आलेख उमटतो.

नभोवाणीच्या श्रोत्यांना हा प्रकार परका वाटू नये. शब्दांवरून चित्र उभे करणे हेच नभोवाणीचे काम. आणि १९३५ साली ‘आकाशवाणी’ या नावाचे ध्वनिक्षेपण केंद्र मानसशास्त्राचे प्राध्यापक एम. व्ही. गोपालस्वामी यांनी आपल्या घरी सुरू केले, तेही याच म्हैसुरात.

शब्दांनी मागितलेल्या चित्राचा मोठा गुण असा की मागणी लेखी राहते. समजा, जलाशयाची पातळी १२४ फुटांवरून ११८ फुटांवर आली. उभा अक्ष ११५ ते १२५ असा घेतला, तर ही घट चित्राच्या निम्म्याहून अधिक उंचीची दिसते. पाहणारा घाबरून जातो. तोच अक्ष शून्यापासून घेतला, तर घट विसाव्या हिश्शाएवढी दिसते. पाहणारा निर्धास्त होतो. यांत खोटे कोणतेच नाही, आणि पूर्ण खरेही कोणते नाही. जलाशय वर रुंद व तळाशी अरुंद असल्यामुळे वरच्या सहा फुटांत तळच्या सहा फुटांपेक्षा कितीतरी अधिक पाणी असते. म्हणून खरे पाहता पातळीऐवजी साठ्याचा आलेख काढावयास हवा. यांपैकी कोणता मार्ग पत्करला, हे आज्ञांच्या फाइलीत कोणासही वाचता येते. नोंद नसलेल्या दिवसाच्या जागी फाइलीत एक ओळ कोरी सोडली, तर नूप्लॉट तेथे रेषा तोडते. जे मोजले नाही ते मोजल्यासारखे दाखवू नये, ही शिस्त त्या एका कोऱ्या ओळीने पाळली जाते.

शासकीय कामात नस्तीवरील टिपणीला जे महत्त्व, तेच आलेखाच्या बाबतीत या आज्ञांना आहे. निर्णय काय झाला हे आदेशावरून समजते. तो का झाला हे टिपणीवरून. कावेरीचा तंटा १९२४ च्या कराराने मिटला नाही. १९९० साली न्यायाधिकरण नेमले गेले, २००७ मध्ये त्याचा अंतिम निवाडा झाला, आणि २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कर्नाटकाने बिळिगुंडलू येथे वर्षाला १७७.२५ अब्ज घनफूट पाणी सोडावे असे ठरविले. हे पाणी महिनावार मोजून द्यावयाचे असते. पाऊस नेमाने पडला तर प्रश्न येत नाही. पण तुटीच्या वर्षी दोन्ही काठांवरचे शेतकरी त्याच आकड्यांकडे पाहतात आणि त्यांना दोन निराळ्या नद्या दिसतात.

अशा वेळी एका पक्षाने काढलेला देखणा आलेख दुसऱ्या पक्षाचे समाधान करू शकत नाही. आकड्यांची फाइल आणि आज्ञांची फाइल ही दोन्ही समोर ठेवली, तर मात्र तंजावरच्या माणसाला मंड्याच्या माणसाचा आलेख आपल्या घरी, आपल्या हाताने पुन्हा काढून पाहता येतो. त्याला एखादा अक्ष पटला नाही तर त्याने तो बदलावा आणि काय फरक पडतो ते पाहावे. एवढ्याने पाणी वाढणार नाही, हे उघड आहे. पण निदान भांडण पाण्यावर राहील, चित्रावर होणार नाही. आणि ज्या वादात दोन्ही पक्ष एकच नदी पाहू लागतात, त्या वादात बोलणी सुरू होण्यास जागा राहते.