फोल्डर सिंक: कम्पेअर आणि फिल्टरमधला फरक

समजा, उल्हासनगर कॅम्प ४ मधल्या दुकानाचे फोटो-व्हिडिओ तुम्ही फोनमधून लॅपटॉपवर घेतले. आता पेनड्राइव्हवर बॅकअप हवाय. फ्रीफाइलसिंक हे मोफत सॉफ्टवेअर दोन्ही फोल्डर तीन प्रकारे ताडून बघतं:

• वेळ आणि साइज: झटपट होतं. फॅट३२ पेनड्राइव्ह वेळ २ सेकंदांच्या टप्प्यात नोंदवतो, म्हणून तेवढा फरक चालतो.
• कंटेंट: सर्वांत खात्रीचं, पण प्रत्येक फाइल पूर्ण वाचावी लागत असल्याने वेळखाऊ.
• फक्त साइज: वेळेची नोंद भरवशाची नसेल तेव्हा.

फिल्टरचं काम वेगळं. कोणत्या फाइल तपासायच्याच नाहीत, हे तो ठरवतो. एमपी४ वगळलं असेल, तर व्हिडिओ कॉपी होणार नाहीत आणि तरी सगळं सारखंच दिसेल. म्हणून फोनमधून काही डिलीट करण्याआधी फिल्टर तपासाच!