अजिंठ्याचे उभे शीड आणि आजचे पंखशीड : एका तुलनेच्या मर्यादा

अजिंठ्याच्या दुसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात पूर्णावदानाचा जो प्रसंग रंगविला आहे, त्यातील गलबत भारतीय नौकानयनाच्या इतिहासकारांच्या चांगलेच परिचयाचे आहे. शूर्पारकाचा, म्हणजे आजच्या नालासोपाऱ्याचा, व्यापारी पूर्ण याचा भाऊ चंदनाच्या शोधार्थ समुद्रावर गेला असता संकटात सापडतो, आणि भिक्षू झालेला पूर्ण त्यास तारतो, अशी ही कथा. चित्र इसवी सनाच्या पाचव्या शतकाच्या उत्तरार्धातील मानले जाते. गलबताची दोन्ही टोके उंच उचललेली आहेत, नाळेवर डोळा रेखाटलेला आहे, मागील बाजूस वल्ह्यासारखे सुकाणू आहे, तक्तपोशीवर घटांची ओळ मांडलेली आहे, आणि तीन डोलकाठ्यांवर तीन शिडे आहेत. प्रस्तुत विषयास महत्त्व आहे ते या शिडांच्या आकारास. ती रुंदीच्या मानाने फार उंच आहेत.

मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स यांनी १८७२ ते १८८५ या काळात अजिंठ्याच्या चित्रांच्या प्रती करविल्या आणि १८९६-९७ मध्ये त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. तेव्हापासून हे गलबत अभ्यासकांपुढे आहे. राधाकुमुद मुखर्जींनी १९१२ मध्ये भारतीय नौकानयनावर ग्रंथ लिहिला, त्यात या चित्राचा साक्षीपुरावा घेतला आहे. परंतु त्या पिढीचा मुख्य प्रश्न ‘भारतीयांस समुद्रप्रवास ठाऊक होता काय’ हा होता. ‘ही शिडे वाऱ्याच्या किती जवळ जाऊ शकत असतील’ हा नव्हता. दुसरा प्रश्न विचारावयाचा तर शीड हे कापड न मानता पंख मानावे लागते, आणि येथे भाषाच प्रथम आडवी येते.

संस्कृतात शिडास ‘वातपट’, ‘मरुत्पट’ असे शब्द आहेत. दोन्हींत ‘पट’ म्हणजे वस्त्र हाच मूळ अर्थ. वारा अडवून धरणारे कापड, ही ती कल्पना. फारसीतील ‘बादबान’ या शब्दात मात्र कापडाचा मागमूस नाही. तो शब्दशः वाऱ्याचा राखणदार आहे. मराठीत ‘शीड’ आणि गुजरातीत ‘सढ’ हे शब्द रूढ झाले. आज त्यांचा उच्चार करताच डोळ्यांपुढे फुगलेले कापडच येते, आणि ‘ताठ शीड’ हा शब्दप्रयोग कानाला विसंगत वाटतो. वस्तुतः विसंगती वस्तूत नसून नावात आहे. ज्या वस्तूस परदेशी अभियंते पंख आणि शीड यांचा समास करून ओळखतात, तिला मराठीत ‘पंखशीड’ म्हणण्यास हरकत नसावी. ‘वातपर्ण’ हा परिभाषेतील शब्द तिच्या छेदाच्या आकारापुरता राखून ठेवावा.

वाऱ्याला पाठ देऊन जाणाऱ्या नावेचे शीड केवळ ढकलले जाते. नाव वाऱ्याकडे तिरकी वळली की तेच शीड उभ्या पंखासारखे काम करू लागते : वारा दोन्ही बाजूंनी वाहतो, एका बाजूस दाब घटतो, आणि वाऱ्याच्या दिशेशी काटकोनात एक प्रेरणा निर्माण होते. विमानात हिला उत्थापन म्हणतात. नावेत ती आडवी असते एवढाच फरक. गटिंगेनच्या लुडविग प्रांटल यांनी १९१८ च्या सुमारास पंखाचा सिद्धांत मांडला. त्यातून असे निष्पन्न झाले की, पंख जितका लांब व अरुंद, तितका त्याच्या टोकांशी होणारा शक्तीचा अपव्यय कमी. या दृष्टीने अजिंठ्याची उंच, अरुंद शिडे पाहिली म्हणजे अभ्यासकाची उत्सुकता वाढणे स्वाभाविक आहे. मात्र चित्रकार नावाडी नव्हता. भिंतीवरील जागा, सभोवतालच्या आकृती आणि चित्राचा तोल यांसाठी त्याने शिडे उंच ओढली असणेही तितकेच शक्य आहे. प्रांटलचा सिद्धांत पाचव्या शतकाच्या माथी मारण्याचा मोह येथे आवरला पाहिजे.

ताठ पंखशिडाचा इतिहास तसा अलीकडचा. जर्मनीतील अँटोन फ्लेटनर यांनी विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात धातूच्या शिडांचा विचार केला, पण तो बाजूस सारून १९२४ मध्ये ‘बुकाऊ’ या जहाजावर फिरती नळकांडी बसविली. १९६६ मध्ये ‘लेडी हेल्म्समन’ या ब्रिटिश जोडनौकेने पंखाच्या आकाराची डोलकाठी वापरून शर्यत जिंकली. १९८० मध्ये तेलाच्या भाववाढीने त्रस्त झालेल्या जपानने ‘शिन आइतोकू मारू’ या मालवाहू जहाजावर ताठ शिडे उभारली. १९८८ आणि २०१० च्या अमेरिका चषकाच्या शर्यती पंखशीडधारी नौकांनी जिंकल्या. २०१० मधील पंख तर सुमारे ६८ मीटर उंच होता. २०२३ मध्ये ‘पिक्सिस ओशन’ हे मालवाहू जहाज ३७.५ मीटर उंचीचे दोन पंख घेऊन चीनहून ब्राझीलकडे निघाले. या सर्व उदाहरणांत पैसा मुबलक होता. सामान्य नावाड्याने पंखशीड स्वीकारले नाही याचे कारण त्याचे अज्ञान नव्हे. कापड वादळात उतरविता येते, गुंडाळता येते, फाटल्यास शिवता येते. ताठ पंख बंदरातही वारा खात उभाच राहतो. कोकणातील खलाशाने शिडास कापड मानले ते भाषेच्या सवयीने नव्हे, व्यवहाराने.

प्रतिकृतीच्या नावेत हा हिशेब पालटतो. तेथे पंख हाताने उचलून काढता येतो, जीव धोक्यात नसतो, आणि खर्च शेकड्यांत मोजता येतो. निकोला टेस्ला यांनी १८९८ मध्ये न्यूयॉर्क येथे बिनतारी लहरींनी चालणारी लहान नाव लोकांना दाखविली, तेव्हा तो चमत्कार होता. आज तिची सामग्री शाळकरी मुलासही मिळते. छत्रपती संभाजीनगरच्या पूर्वेस जालना रस्त्यावरील चिकलठाणा हे अशा उद्योगाचे ठिकाण म्हणून सुचावे यात नवल नाही. गावाच्या नावात चिखल ऐकू येतो (ही व्युत्पत्ती खरी की लोकांनी रचलेली, हा वेगळा प्रश्न), पण नौकानयनाजोगे पाणी तेथे नाही. तेथे औद्योगिक वसाहत आहे आणि विमानतळ आहे; म्हणजे पंखाचे तत्त्व रोज डोक्यावरून जाते, आणि पंख करावयास लागणारे थर्मोकोल व ॲल्युमिनियमची नळी यांसाठी दूर जावे लागत नाही. पाणी हवे तर पैठणचा नाथसागर आहे. त्या धरणाचा पाया १९६५ मध्ये घातला गेला व १९७६ मध्ये त्याचे उद्घाटन झाले. पूर्वी गोदावरीच्या काठी असलेली सातवाहनांची राजधानी आज एका विस्तीर्ण जलाशयाच्या काठी आहे.

एक मीटर लांबीच्या नावेस १२० सेंटिमीटर उंच व २५ सेंटिमीटर रुंद असा पंख पुरतो. लाकडी पातळ फळीचे दोन साचे थर्मोकोलच्या ठोकळ्याच्या दोन टोकांस लावून त्यांवरून तापलेली नायक्रोमची तार ओढली की पंखाचा आकार निघतो. घनमीटरास १५ किलो वजनाचे थर्मोकोल घेतले व पंखाची जाडी रुंदीच्या बारा टक्के ठेवली, तर संपूर्ण पंख शंभर ग्रॅमच्या आत बसतो. त्याहून हलका हवा असेल तर येवल्याच्या संक्रांतीत दिसणारी पतंगाची विद्या कामी येते : बांबूच्या कामट्या, मधे थर्मोकोलच्या फासळ्या, वरून ताणून चिकटविलेला कागद अथवा प्लास्टिकचा पापुद्रा. पंखाचा छेद दोन्ही बाजूंस सारखाच असावा लागतो, कारण वारा कधी डावीकडून तर कधी उजवीकडून घ्यावयाचा असतो.

खरी बचत मात्र नियंत्रणात आहे. कापडी शिडास दोरी ओढण्या-सोडण्यासाठी बळकट यंत्र लागते. पंखशीड डोलकाठीभोवती मोकळे फिरू दिले आणि त्याच्या मागे लांब दांडीवर एक लहान शेपूट बसविले, तर केवळ शेपटाचा कोन बदलून संपूर्ण पंख वाऱ्याशी हवा तो कोन धरतो. समुद्रावर माणसाविना फिरणाऱ्या काही संशोधन-नौका आज याच रीतीने चालतात. शेपूट हलविण्यास अवघ्या नऊ ग्रॅमची मोटर पुरते. शेपूट सरळ केले की पंख वाऱ्यात निमूट उभा राहतो, आणि शीड उतरविता येत नाही हा जुना आक्षेप बराचसा निकालात निघतो. अट एकच : फिरण्याचा अक्ष पंखाच्या पुढील कडेपासून सुमारे चतुर्थांश रुंदीवर असावा आणि पंख, दांडी व शेपूट यांचा गुरुत्वमध्य त्याच अक्षावर यावा. यासाठी पंखाच्या पुढे लहानशा दांडीवर शिशाचा तुकडा बांधावा लागतो. हे वजन विसरले तर नाव कलताच पंख आपल्याच भाराने खालच्या बाजूस झुकतो, आणि मग वाऱ्याऐवजी गुरुत्वाकर्षण नाव हाकू लागते. सेकंदास चार मीटर वाऱ्यात असा पंख सुमारे अडीचशे ग्रॅम भाराइतकी प्रेरणा देतो. दहा मीटर वाऱ्यात तीच दीड किलोपर्यंत जाते. म्हणून नावेखालचे शिशाचे वजन किती असावे, हे जोराच्या वाऱ्यावरून ठरवावे.

आता अजिंठ्याकडे वळावे. २०२३ मध्ये संस्कृती मंत्रालय, नौदल आणि गोव्यातील होडी इनोव्हेशन्स यांच्यात करार होऊन या चित्राच्या आधारे फळ्या काथ्याने शिवून एक गलबत बांधण्यात आले, आणि २१ मे २०२५ रोजी कारवार येथे ते ‘कौंडिण्य’ या नावाने नौदलात दाखल झाले. बांधणीचा नकाशा उपलब्ध नव्हता. होते ते सपाट भिंतीवरचे चित्र. म्हणून मद्रासच्या आयआयटीत प्रतिकृतीवर जलपरीक्षा घेण्यात आली. ही पद्धत विल्यम फ्रूड यांनी १८७० नंतरच्या दशकात इंग्लंडमध्ये घालून दिली, आणि नावेच्या पाण्यातील भागापुरती ती भरवशाची आहे. तेव्हा तीन उंच शिडांची लहान प्रतिकृती नाथसागरात सोडून चित्रकाराची परीक्षा घ्यावी, असे एखाद्या विद्यार्थ्याच्या मनात येणे साहजिक आहे. खर्च अल्प, साधने जवळची. परंतु येथेच सर्वांत मोठी फसगत संभवते.

ऑस्बर्न रेनॉल्ड्स यांनी १८८३ मध्ये दाखवून दिले की, प्रवाहाचे वर्तन वेग, आकारमान आणि प्रवाहाची चिकटी यांच्या एका गुणोत्तरावर अवलंबून असते. दोन मीटर रुंद शीड सेकंदास आठ मीटर वाऱ्यात असेल तर हा अंक दहा लाखांच्या घरात जातो. पंचवीस सेंटिमीटरच्या पंखासाठी चार मीटर वाऱ्यात तो सुमारे ६७ हजार, आणि दहा सेंटिमीटर रुंदीच्या शिडासाठी जेमतेम २७ हजार भरतो. एफ. डब्ल्यू. श्मिट्झ या जर्मन संशोधकाने विमानांच्या प्रतिकृतींवर प्रयोग करून दुसऱ्या महायुद्धाच्या काळात असे सिद्ध केले की, अशा अल्प अंकांवर जाड पंखाचे गुण नाहीसे होतात व पातळ, किंचित वाकविलेला पत्राच सरस ठरतो. पंखाच्या पुढील कडेजवळ एक जाडसर दोरा चिकटविला तर प्रवाह खवळतो, पंखाला अधिक काळ धरून राहतो, आणि काहीशी भरपाई होते. पूर्ण होत नाही.

याचे दोन परिणाम होतात. लहान प्रतिकृतीवर पंखशिडाने कापडी शिडास मागे टाकले नाही, तर त्यावरून पंखशिडाचे तत्त्व चुकीचे ठरत नाही. तेथे त्याचा लाभ प्रेरणेत नसून सोप्या नियंत्रणात आहे. आणि अजिंठ्याची शिडे जितकी अरुंद करावी तितका त्यांचा रेनॉल्ड्स अंक घसरतो. म्हणजे प्रांटलच्या नियमाने जे त्यांस मिळावयाचे ते प्रतिकृतीत रेनॉल्ड्सच्या नियमाने हिरावले जाते. उंच शिडे प्रतिकृतीवर निकामी ठरली म्हणून चित्रकाराने ती कल्पनेने रंगविली, असा निष्कर्ष काढणे हा इतिहासावर अन्याय होईल. लहान प्रतिकृतीचा कौल उंच शिडांच्या विरुद्ध झुकलेला असतो. म्हणून त्यांच्या बाजूने लागलेला निकाल अधिक वजनदार मानावा आणि विरुद्ध लागलेला संशयानेच पाहावा.

तुलना करावयाचीच असेल तर नावेचा सांगाडा, वजन व शिडांचे एकूण क्षेत्रफळ तेच ठेवून तीन जोड तपासावेत : चित्रातील प्रमाणाची तीन उंच कापडी शिडे, तेवढ्याच क्षेत्रफळाचे एक रुंद चौकोनी शीड, आणि शेपटाचे पंखशीड. कोणत्याही शिडाची रुंदी वीस सेंटिमीटरच्या खाली जाऊ नये. त्यासाठी नाव दीड मीटर वा त्याहून मोठी करावी लागली तरी चालेल. नोंद वेगाची न करता नाव वाऱ्याशी किती अंशांपर्यंत जाते याची करावी, कारण चित्राविषयीचा वाद वेगाचा नाहीच. वाऱ्याचे मापन तीरावर न करता डोलकाठीच्या उंचीवर करावे; नाथसागराच्या बांधालगत वारा फिरतो, आणि तीरावरचा वारा पाण्यावरच्या वाऱ्याची साक्ष देत नाही.