‘आमचंच कायतरी चुकलं’ : आई-बापाला दोष देण्याची गोष्ट

कबनूरहून बोलतोय. मागं यंत्रमागांचा खडखडाट ऐकू आला तर सांभाळून घ्या. वाचणाऱ्यांना तेवढीच शांतता!

आजचा विषय जरा नाजूक आहे. आपल्याकडं एखाद्या पोराला पोरंच आवडतात असं कळलं की कट्ट्यावर निकाल पाच मिनिटांत लागतो. ‘आईनं पदराला बांधून ठेवला’, नाहीतर ‘बापाचा धाक नव्हता’. पोरगी असली तर ‘पोरासारखी वाढवली, मग काय होणार?’ आणि घरात ती आई रात्र-रात्र एकच घोकत बसते, आमचंच कायतरी चुकलं. लोकांना वाटतं हे शहाणपण आजी-पणजीच्या काळापासूनचं आहे. तसं नाही. या समजुतीला डॉक्टरी शिक्का कुणी आणि कधी मारला, ते सांगता येतं.

सुरुवात मुंबईपासून करू. साल १९३४. र. धों. कर्वे, म्हणजे महर्षी कर्व्यांचे थोरले चिरंजीव, १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवत होते. वाचक पत्रातून लैंगिक शंका विचारायचे, ते छापून उत्तर द्यायचे. अशाच प्रश्नोत्तरांवरून, ज्यांत समलिंगी संबंधांचाही विषय होता, त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. त्यांचं वकीलपत्र घेतलं डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी. लैंगिक विषयावर लिहिलं म्हणून लगेच ते अश्लील होत नाही, हा त्यांचा मुद्दा. खटला हरले, कर्व्यांना दोनशे रुपये दंड झाला. शाळेच्या पुस्तकात हा खटला का नसतो, ते तुम्हीच ओळखा.

पुढच्याच वर्षी, १९३५ मध्ये, अमेरिकेतल्या एका आईनं व्हिएन्नाला सिग्मंड फ्रॉइडला मुलाबद्दल पत्र लिहिलं. फ्रॉइडनं उत्तरात तिला धीर दिला : यात लाज वाटण्यासारखं काही नाही आणि हा आजारही नाही. पण गंमत बघा, मुलाचं सगळं मूळ आई-बापाशी असलेल्या नात्यात शोधायची सवय मानसशास्त्राला लावली ती याच माणसानं. त्याच्या मागून आलेल्यांनी धीर सोडून दिला, सवय तेवढी ठेवली.

१९६२ साली न्यूयॉर्कच्या आयर्विंग बीबर आणि सहकाऱ्यांचं पुस्तक आलं. १०६ समलिंगी पुरुष, १०० भिन्नलिंगी पुरुष, आणि निष्कर्ष असा की आई फार चिकटणारी आणि बाप दूरचा किंवा रागीट असला की मुलगा असा होतो. आपल्या कट्ट्यावरचा निकाल हाच, फक्त इंग्रजीत. आता यात खोट कुठं? हे सगळे मानसोपचाराला आलेले पेशंट होते. आणि प्रश्नावली भरली त्यांच्यावर उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी, ज्यांचा या सिद्धांतावर आधीच विश्वास होता. पंचानंच बॅटिंग करावी तसलं काम.

मला तर या सिद्धांताला इचलकरंजी-कबनूरला आणावंसं वाटतं. इथं बाप बारा-बारा तास मागावर उभा. रात्रपाळी असली की दिवसा झोपलेला, पोरं उठवायला घाबरतात. कितीतरी घरांत पोरं आईनंच वाढवली. त्याआधीच्या पिढीत बाप मुंबईच्या गिरणीत, नाहीतर फौजेत; वर्षातून एकदा घरी. बाप दूर असल्यानं हे घडत असतं, तर आपल्या भागातल्या लग्नाच्या कार्यालयांना टाळंच लागलं असतं की!

ही झाली गप्पातली गोष्ट. नीट तपासणी १९८१ साली छापून आली. बेल, वाइनबर्ग आणि हॅमरस्मिथ यांनी सॅन फ्रान्सिस्को परिसरातले ९७९ समलिंगी आणि ४७७ भिन्नलिंगी स्त्री-पुरुष घेतले, दवाखान्यातले नव्हे, बाहेरचे. आई-बापाच्या वागण्याचा परिणाम जवळजवळ सापडलाच नाही. उलट एक वेगळी शक्यता पुढं आली. पोरगं लहानपणापासून जरा वेगळं वागतं, म्हणून बाप तुटक होत जातो. म्हणजे कारण ज्याला म्हणत होते, तो परिणाम असू शकतो.

रिचर्ड ग्रीन नावाच्या डॉक्टरांनी ६६ ‘बायकी’ समजल्या जाणाऱ्या मुलांवर वर्षानुवर्षं लक्ष ठेवलं. १९८७ मध्ये पुस्तक काढलं. काहींच्या आई-बापांनी मुलाला ‘मर्द’ करायला उपचारही करून घेतले होते. ती मुलं मोठी झाल्यावर कुणाकडं ओढली गेली, यात त्या उपचारांनी फरक पडला नाही.

मग कारण काय? एकच एक नाही. २०१९ च्या एका अभ्यासात पावणेपाच लाखांहून जास्त लोकांची जनुकं तपासली, तर ‘गे जीन’ असला प्रकारच निघाला नाही. पुष्कळ जनुकांचा थोडा थोडा वाटा दिसला. आणि उरलेलं सगळं ‘संस्कार’ असंही नव्हे. जितके सख्खे थोरले भाऊ जास्त, तितकी मुलगा समलिंगी असण्याची शक्यता किंचित वाढते. हे थोरले भाऊ दुसऱ्या घरी वाढले असले तरी हिशोबात येतात, सोबत वाढलेले सावत्र भाऊ येत नाहीत. म्हणजे गोष्ट घरातली नाही, आईच्या पोटातली आहे. तिथं कोण काय शिस्त लावणार?

आपल्याच मातीतला दाखला हवा असेल तर राजीव पाटलांचा ‘जोगवा’ आठवा. राजन गवस यांच्या ‘चौंडकं’ आणि ‘भंडारभोग’ या कादंबऱ्यांवरचा २००९ चा सिनेमा. तायप्पाला घरचेच यल्लम्माला सोडतात, साडी नेसवतात, जोगता करतात. आणि त्याचा जीव जडतो तो सुलीवर. कथा असली तरी प्रथा खरी होती. २००५ मध्ये देवदासी प्रथेविरुद्ध राज्याला कायदा करावा लागला. घरच्यांच्या हातात लुगडं होतं, मन नव्हतं. (स्वतःला बाई समजणं वेगळं आणि पुरुषाला पुरुष आवडणं वेगळं, हेही लक्षात ठेवा. आपण दोन्हीला एकच शिवी देतो.)

दोष पोटात ठेवून गप्प बसायचं, हे काही आई-बापांनी मोडलं. कलम ३७७ चा खटला सुप्रीम कोर्टात होता तेव्हा अशा मुला-मुलींच्या पालकांनीही अर्ज केला. त्यांत मराठी रंगभूमीवरच्या चित्रा पालेकर होत्या. त्यांचं म्हणणं, हा कायदा आमच्या घरालाही छळतोय. डिसेंबर २०१३ मध्ये कोर्टानं ऐकलं नाही. ६ सप्टेंबर २०१८ ला प्रौढांच्या संमतीनं झालेल्या संबंधांपुरतं कलम गेलं.

पालकांचा परिणाम होतच नाही असं मी म्हणत नाही. पोरगं घरात बोलेल की शहरात पळून जाईल, जबरदस्तीच्या लग्नात दुसऱ्या कुणाची तरी लेक फसेल की नाही, हे घरातच ठरतं. आणि कोण ‘सरळ करून देतो’ म्हणून पैसे घेईल, हेही. तेव्हा शेवटी एक कामाची माहिती : मद्रास हायकोर्टाच्या आदेशानंतर राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानं २०२२ मध्ये असल्या उपचाराला डॉक्टराचं गैरवर्तन ठरवलंय. कुणी डॉक्टर असलं काही सांगत असेल तर तक्रार महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडं करायची. बुवा-बाबा त्यात बसत नाहीत. त्यांच्यावर वेगळा भाग करू.