गॅमा किरण स्फोटाचा झोत मंदावतो तेव्हा...

खास प्रतिनिधी, नवी मुंबई

२९ मार्च २००३ रोजी सिंह तारकासमूहाच्या दिशेने आलेला गॅमा किरणांचा एक प्रखर स्फोट 'हेटे-२' या उपग्रहाने टिपला. सुमारे २ अब्ज वर्षांपूर्वी एका महाकाय ताऱ्याच्या अंतकाळी हे किरण निघाले होते. स्फोट अल्पावधीत शमला. त्याची उत्तरदीप्ती मात्र रेडिओ लहरींत कित्येक महिने दिसत राहिली. जुन्नर तालुक्यातील खोडद येथील 'जीएमआरटी' या रेडिओ दुर्बिणीनेही तिचा मागोवा घेतला. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांचा तिचा पसारा सुमारे २५ किलोमीटरचा, म्हणजे वाशी-पनवेल अंतराहून अधिक आहे.

वेग का घटतो?

असा तारा कोसळताना द्रव्याचे दोन अरुंद झोत परस्परविरुद्ध दिशांना जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने बाहेर पडतात. वाटेतील विरळ वायू रेटताना त्यांचा वेग घटत जातो. अतिवेगवान झोताचा प्रकाश पुढच्याच दिशेला एकवटत असल्याने आरंभी आपल्याला त्याचा लहानसा भागच दिसतो. वेग उतरतो तसा दिसणारा भाग वाढतो आणि अखेर झोताची कड दृष्टीस पडते. तेथून उत्तरदीप्ती अधिक झपाट्याने मावळते. हा बदल केव्हा झाला, यावरून झोताची रुंदी काढतात.

हिशेब ऊर्जेचा

या रुंदीवर मोठा हिशेब अवलंबून आहे. स्फोट सर्व दिशांना सारखाच झाला असे मानल्यास ऊर्जेचा अंदाज शेकडो पटींनी फुगू शकतो. २००३ च्या स्फोटात तर एकाच झोताने निरीक्षणांचा मेळ बसेना. त्यामुळे आत अरुंद, वेगवान झोत आणि त्याभोवती रुंद, मंद झोत अशी मांडणी पुढे आली. एल. रेस्मी व सहकाऱ्यांनी २००५ मध्ये 'जीएमआरटी'च्या नोंदींच्या आधारे ती पडताळून पाहिली.

फैलाव किती?

मंदावलेला झोत बाजूंना झपाट्याने पसरतो, असे सुरुवातीच्या गणितांत गृहीत होते. नंतरच्या संगणकीय प्रारूपांत हा फैलाव बराच सावकाश आढळला. दूरदूरच्या रेडिओ दुर्बिणी जोडून केलेल्या मोजमापांत या उत्तरदीप्तीचा व्यास २५ दिवसांनी सुमारे ०.२, तर ८३ दिवसांनी सुमारे ०.५ पार्सेक भरला.

झोत पुरेसा मंदावला की त्याचा प्रकाश सर्व दिशांना पसरतो. मग त्याच्या रुंदीचा अंदाज न बांधताही ऊर्जा मोजता येते. तोवर मागे उरतात त्या प्रामुख्याने क्षीण रेडिओ लहरी. त्या टिपणाऱ्या खोडदसारख्या दुर्बिणींचे महत्त्व म्हणूनच मोठे आहे.