हॅलोवीनचा पोशाख : घरचा, स्वस्त आणि सुरक्षित

अमेरिकेत ऑक्टोबर उजाडला, की दुकानांच्या दर्शनी भागात भुते, चेटकिणी आणि सांगाडे टांगले जातात. ३१ ऑक्टोबरच्या संध्याकाळी वेष पालटून 'ट्रिक ऑर ट्रीट' म्हणत दारोदार खाऊ गोळा करणे, हा तेथील मुलांचा वर्षातला मोठा आनंद. तेथे स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांतील मुलेही त्यात हौसेने सहभागी होतात. दुकानातला तयार पोशाख मात्र बहुधा एकाच संध्याकाळी वापरला जातो आणि पुढच्या वर्षी आखूड होतो. त्याऐवजी घरातल्या जुन्या वस्तूंतून मुलांच्याच हातांनी वेष सजवला, तर पैसे वाचतात आणि मुलांना निर्मितीचे समाधानही लाभते.

ही पद्धत काही नवी नाही. हिवाळ्याच्या आरंभी साजरा होणारा केल्टिक लोकांचा 'साउइन' सण आणि १ नोव्हेंबरच्या ख्रिस्ती 'सर्व संत दिना'ची पूर्वसंध्या, यांच्या मिश्रणातून हॅलोवीन घडला. आयर्लंड-स्कॉटलंडमधील मुले वेष घेऊन घरोघरी जात, गाणे किंवा नक्कल सादर करीत आणि खाऊ मिळवीत. एकोणिसाव्या शतकात तेथील स्थलांतरितांबरोबर ही प्रथा अमेरिकेत रुजली. तयार पोशाखांचा बाजार बहरला तो विसाव्या शतकात. त्यापूर्वी जुने कपडे, काजळी आणि कल्पकता एवढेच भांडवल असे.

वटवाघूळ : मोडकी काळी छत्री घ्यावी. काड्या टोकदार असतात, म्हणून कापड सोडवण्याचे काम मोठ्यांनी करावे. कापड मधोमध कापले, की दोन अर्धवर्तुळे मिळतात. एका अर्धवर्तुळाची सरळ कड काळ्या स्वेटशर्टच्या एका बाहीपासून पाठीवरून दुसऱ्या बाहीपर्यंत टाचावी. खालची नागमोडी किनार पंखांसारखीच दिसते. उरलेल्या अर्ध्या भागात धाकट्या भावंडाचे काम भागते. टोपीला पुठ्ठ्याचे दोन कान चिकटवले, की वेष पूर्ण.

ममी : जुन्या पांढऱ्या चादरीच्या ५ ते ७ सेंटीमीटर रुंदीच्या पट्ट्या फाडाव्यात. हे काम मुलांना फार आवडते. कोऱ्या चहाच्या कडक पाण्यात तासभर भिजवून वाळवल्या, की त्यांना जुनाट रंग चढतो. पट्ट्या अंगाभोवती नुसत्या गुंडाळल्या, तर दहा मिनिटांत सुटतात आणि पायांत येतात. म्हणून त्या जुन्या पूर्ण बाह्यांच्या टी-शर्टवर आणि विजारीवर टाचून घ्याव्यात.

यंत्रमानव : खांद्यांपेक्षा थोडे रुंद पुठ्ठ्याचे खोके घेऊन डोके आणि हात यांसाठी छिद्रे पाडावीत. तळ पूर्ण काढून टाकावा आणि खोके गुडघ्यांच्या बरेच वर संपवावे, नाहीतर पायऱ्या चढता येत नाहीत. स्वयंपाकघरातली ॲल्युमिनियमची फॉइल, बाटल्यांची झाकणे आणि जुन्या सीडी चिकटवण्याचे काम पाच वर्षांचे मूलही आनंदाने करते.

चेहरा : मुखवट्याने नजर आडते, त्यामुळे चेहरा रंगवणे बरे. दोन चमचे कॉर्नफ्लोअर, एक चमचा कोल्ड क्रीम, एक चमचा पाणी आणि खाद्यरंगाचे काही थेंब, एवढ्यात रंग तयार होतो. आदल्या दिवशी तो हातावर थोडा लावून पाहावा. खाज किंवा लाली आल्यास वापरू नये. डोळ्यांजवळ तर मुळीच लावू नये.

वेष देखणा असावा, पण त्याआधी तो निर्धोक असावा. कोरलेल्या भोपळ्यांत अनेकजण मेणबत्ती लावतात आणि ते भोपळे दाराशी, मुलांच्या कपड्यांच्या उंचीवर असतात. ब्रिटनमधील दूरचित्रवाणी निवेदिका क्लॉडिया विंकलमन यांच्या मुलीचा पोशाख २०१४ च्या हॅलोवीनला मेणबत्तीवर पेटला आणि ती गंभीर भाजली. पातळ, झिरझिरीत आणि घोळदार कापड झटकन पेट घेते. घट्ट विणीचे, अंगासरशी बसणारे कापड निवडावे आणि आपल्या घरच्या भोपळ्यात बॅटरीचा दिवा ठेवावा. घरगुती ममीच्या सुती पट्ट्यांची टोके लोंबती ठेवू नयेत आणि मुलांना ज्योतीपासून दूरच ठेवावे.

दुसरा धोका रस्त्यावरचा. अमेरिकेतील १९७५ ते २०१६ या काळातील अपघातांच्या नोंदींचा अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. आधीच्या आणि नंतरच्या आठवड्यातील त्याच वाराच्या संध्याकाळशी तुलना करता हॅलोवीनच्या संध्याकाळी पादचाऱ्यांच्या मृत्यूचा धोका ४३ टक्क्यांनी अधिक आढळला. काळ्या वेषातले वटवाघूळ चालकाला अंधारात दिसत नाही. पाठीवर, बाह्यांवर आणि खाऊच्या पिशवीवर प्रकाश परावर्तित करणारी पट्टी चिकटवावी, हाती टॉर्च द्यावा आणि लहान मुलांसोबत मोठ्यांनी जावे.

उत्तरेकडील राज्यांत ऑक्टोबरअखेर कडाक्याची थंडी असते. पोशाखाखाली गरम कपडे मावतील असे माप आधीच धरावे, नाहीतर महिनाभर खपून केलेला वेष ऐन वेळी जॅकेटखाली झाकला जातो. दोन-तीन दिवस आधी मुलांना तो घालून घरातच पळायला, वाकायला आणि जिना चढायला लावावे. उणिवा तेव्हाच कळतात.

मुलांनी केलेला टाका वाकडा पडेल, एखादा कान कलंडेल. तो तसाच राहू द्यावा. दारात उभे राहून 'हे मी केले' असे सांगताना त्यांच्या चेहऱ्यावर जो अभिमान दिसतो, तो कोणत्याही दुकानात विकत मिळत नाही.